ऐकायचं तिथं बोला

मिरजेत, मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी
भिंतीत ठोकलेला काळा डबा होता.
दर शनिवारी मी त्याचं पोट उघडायचो.
किल्ली माझी, सही मुजावर साहेबांची,
आतला खुर्दा सरकारचा.

आता सांगायला हरकत नाही,
फार हुशार नव्हता तो.
फट रुंदी मापायची,
आतला चिमुकला दांडा वजन तोलायचा,
वाटेत बसलेलं लोहचुंबक
लोखंड दिसलं की हात धरायचं.
संपली परीक्षा.
नाण्यावरचे सिंह त्याला वाचता येत नव्हते.

पन्नास पैसे पडेपर्यंत
पलीकडचा हॅलो हॅलो करत राहायचा,
आपल्याला सगळं ऐकू यायचं,
आपलं मात्र काही पोचायचं नाही.

काय काय निघायचं त्या पोटातनं!
सायकलचे वायसर, ठोकून गोल केलेलं शिसं,
भोकाला बांधलेला अर्धा हात दोरा
(नाणं परत ओढताना तुटलेला, मला त्याची दयाच आली),
आणि सांगलीच्या यार्डातनं फिरून आलेली
हळदीनं माखलेली खरी नाणी.
ती मोजली की रात्री भाताला वास यायचा.

एकदा निघाली पितळेची चकती. कानस इतकी मऊ
की मी ती खिशात घालून
सतारवाल्यांच्या गल्लीत गेलो.
दस्तगीर शिकलगारांनी तळहातावर झुलवली, हसले,
"पडद्याचं पितळ आहे. पण आमच्या हातचं नव्हं.
गुंजभर कमी भरतंय."
चोर कोण ते त्यांना कळलं असणार.
मला त्यांनी चहा पाजला.

दवाखान्याच्या कारकुनानं टेबलावरच्या फोनला,
चकतीच्या भोकात, बारकं कुलूप घातलं होतं.
वॉर्डातला बाळू हुकावर बोट आपटून नंबर लावायचा.
तीनाला तीन टिचक्या, शून्याला दहा.
एक्स्चेंजला चकती काय नि बोट काय,
त्याला फक्त तुटणं मोजता यायचं.

आणि मग ते एक्केचाळीस.
मीटर म्हणतो एक्केचाळीस कॉल,
डब्यात नाणी चौतीस. वायसर एकही नाही.
मी गुरुवारी संध्याकाळी मोसंब्यांच्या गाड्याआड
उभा राहिलो, साहेबांचा हुकूम होता.

बाई आली. चौगुल्यांची सुला, बुधगावची,
नाव नंतर कळलं.
तिनं नंबर फिरवला, नाणं टाकलं नाही,
रिसीव्हर उलटा केला
आणि ऐकायच्या बाजूला तोंड लावून ओरडली,
"रगत जुळलं! धाकट्याला आणू नगा.
म्हशीला दाराम्होरं बांधा."
मग तीच बाजू कानाला. मग पुन्हा तोंडाला.
नळावर दोघी जणी एकाच तांब्यानं पाणी पितात तसं.

मी पुढं झालो. कुणी शिकवलं?
ती दचकली. "शिकवतंय कोण?
पयल्या दिवशी भ्यानं उलटा धरला हुता.
तवाच लागला. सुलटा धरला की लागंना."

रात्री क्वार्टरमध्ये मी जुना रिसीव्हर उघडून बसलो.
कानाकडचा पातळ पत्रा आवाजानं थरथरतो,
थरथरला की तारेत थोडा करंट हलतो.
आम्ही खात्यानं फक्त तोंड बांधलं होतं.
कान बोलू शकतो
हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

उपाय होता. एक पत्ती, दोन टाके,
नाणं पडेपर्यंत कानही मुका.
मग पलीकडचा हॅलोसुद्धा ऐकू आला नसता.

रिपोर्टात लिहिलं,
"सदर यंत्रात दोष आढळला नाही."
मुजावर साहेबांनी चष्मा वर केला,
"आणि सात नाणी?"
मी म्हणालो, मीटर म्हातारा झालाय.
त्यांनी सही केली. टोपण लावायला जरा वेळ घेतला.

साडेतीन रुपये मी खिशातनं भरले
असं सांगायला आवडलं असतं.
दोन भरले.
बाकीच्यांचं मंडईतनं वांगी घेतली,
आणि घरी कुणाला काही बोललो नाही.